फणीचे दात कुणीकडे

राब पेटायला लागलेत. सकाळी दार उघडलं की धूर आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना. त्यात शेण असतं, ऐनाचा पाला असतो, वाळलेलं गवत असतं आणि या सगळ्यावर पसरलेली भाजकी माती असते. जव्हारला हवा खायला येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, आदिवासी जंगल जाळतायत. त्यांना सांगावं लागतं की हा वणवा नाही, राब आहे. पावसाआधी ज्या तुकड्यावर भाताचं आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकायचं, तो तुकडा भाजून घेतात. उताराची जमीन आहे, पावसात निम्मी वाहून जाते, उरते त्यात तण माजतं. भाजली नाही तर रोप धरत नाही. एवढं सांगून झालं की पाहुणे विचारतात, "पण प्रदूषणाचं काय?" त्यांच्या गाडीचं इंजिन चालूच असतं.

या धुरावर काव्य करायची मला हौस नाही. धूर डोळ्यांत जातो, डोळे चुरचुरतात, आणि राब भाजणाऱ्या बाईचे ओठ संध्याकाळपर्यंत काळे पडतात, इतकंच. पण दोन वर्षांमागच्या हंगामापासून या वासाच्या मागोमाग मला दुसरा एक वास येतो, स्पिरिटचा. चंदरीबायला डॉक्टरांनी सांगितलं होतं की धुरात जायचं नाही. वांगणीत, राबाच्या दिवसांत, धुरात जायचं नाही. म्हणजे जायचं कुठे, हे सांगितलं नव्हतं.

चंदरीबाय जव्हारजवळच्या वांगणीची धवलेरी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. आमच्याकडे वारल्यांची लग्नं गाण्याने लागतात आणि ती गाणी धवलेरीच्या पोटात असतात. कुठे लिहिलेली नसतात. देव कुठून आला, तांदूळ कुणी दिला, नवरीला कुणी न्हाऊ घातलं, सगळं ओळीने यायला हवं. एक ओळ चुकली तर म्हाताऱ्या बायका लगेच टोकतात. चंदरीबाय चुकत नसे. तिची आईही धवलेरी होती. आईचे डोळे ऐन उमेदीत गेले, मग डोकं दुखायला लागलं, मग ती गेली. चंदरीबाय पस्तिशीची होईपर्यंत तिचाही डावा डोळा विझला. वांगणीत कुणाला त्याचं फार नवल वाटलं नाही. "आयचं गाणं आलं, तसा आयचा डोळा आला," असं म्हणत. जे शास्त्र मी नंतर मुंबईत चित्रं काढून समजावून घेतलं, ते या वाक्यात जवळपास सगळं होतं.

जव्हारला मोतीबिंदूचं शिबीर भरलं होतं. तिचा भाऊ लहानू तिला जीपमधून घेऊन आला. लहानू भिवंडीकडे बांधकामावर राहून आलेला, त्यामुळे सरकारी माणूस दिसला की तो हिंदीत बोलतो. शिबिरातल्या डॉक्टरने तिच्या डोळ्यात उजेड टाकला आणि बघतच राहिला. लहानू म्हणाला, "साब, मोतीबिंदू निकालो ना, इतना क्या देखते." डॉक्टर म्हणाला, हा मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची गाठ आहे. डाव्या डोळ्यात होती, तिने पडदा ओढून टाकला. आता उजव्यातही आहे. हा घराण्यातून येणारा रोग आहे आणि फार थोड्यांना होतो.

फार थोड्यांना. दुर्मिळ. या शब्दाचा मला तेव्हा राग आला आणि अजूनही येतो. आमच्या जव्हार-मोखाड्याला एकच दुःख मंजूर झालेलं आहे, कुपोषण. ते झालं की पेपरवाले येतात, मंत्री येतात, खोडाळ्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागते. त्याशिवाय दुसरं काही व्हायची आम्हाला मुभा नाही. वांगणीच्या बाईला एखादा असा रोग व्हावा ज्याचं नाव दोन परदेशी डॉक्टरांवरून पडलंय, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावात येणारी नर्स तिच्या घरी जायची ती गोळ्या वाटायला. आई आंधळी होऊन मेली, मुलीचा एक डोळा गेला, तरी दुसऱ्या डोळ्यात डोकावून बघावं असं वर्षानुवर्षं कुणाला वाटलं नाही. सापडली ती शिबिरात, योगायोगाने.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात या गाठीवर एक चाचणी चालू होती. मी तेव्हा इथल्या एका संघटनेची पत्रकं लिहायची आणि वाटायची. लहानू मला येऊन म्हणाला, "ताई, तुमी चला. तिथं मराठी बोलतात पन आपल्याला समजत नाय अशी." म्हणून मी गेले, आणि मग जातच राहिले.

चाचणी अशी होती. छोटी गाठ कडेला असली तर ती किरणांनी भाजून टाकता येते किंवा बाहेरून थंडीने गोठवता येते. चंदरीबायची गाठ बसली होती डोळ्याच्या मुख्य नसेच्या तोंडावर. तिथे भाजलं तर नसच जाते. तेव्हा काही डॉक्टरांनी ठरवलं की डोळ्यातच औषध टोचून बघू. एक औषध गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं, दुसरं सूज ओढून घेणारं. दोन्ही सुटी देऊन पाहिली होती, त्याने फारसं साधलं नव्हतं. एकाच बैठकीत दोन्ही दिली तर गाठ आकसेल का? कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं, आणि ते तसं सांगत होते, हे मी कबूल करते.

सांगत होते, पण कसं? एक तरुण डॉक्टरीणबाई छापील कागद वाचायला बसल्या. "सहभागी व्यक्तीच्या दृष्टिपटलावरील अर्बुदाच्या संदर्भात..." चंदरीबाय शांतपणे ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे कोनाचं सांगते?"

"तुझंच."

"माझं? माझं असून माला समजत नाय?"

डॉक्टरीणबाई हसल्या, मग थोड्या ओशाळल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि साध्या शब्दांत पुन्हा सांगितलं. सुईने गुण येईल किंवा येणार नाही. उलट त्रासही होऊ शकतो. केव्हाही नको म्हणता येईल. चंदरीबायने एकच विचारलं, "नाय टोचलं तर?" त्या म्हणाल्या, "तर हा डोळाही बहुतेक जाईल." चंदरीबायने अंगठा पुढे केला.

मला मात्र झोप नव्हती. मी पत्रक लिहिलं. 'आदिवासी म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर नाहीत' असं ठळक अक्षरात वर, खाली मागण्या. समजेल त्या भाषेत माहिती द्या. येण्याजाण्याची सोय करा. चाचणी संपल्यावरही उपचार चालू ठेवा. एका डोळ्यात सुया मारून मोकळं होऊ नका, त्या घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासा. छापण्याआधी ते मी वांगणीत तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. ती सुपात नागली पाखडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वाचते चांगली," ती म्हणाली. "हे वाचून त्याय्‌नी सुया बंद केल्या तर?"

"बंद करू नका असंच म्हटलंय."

"मंग उंदराचं काढ ना. उंदीर म्हटल्यावर मानूस पयला दार लावतो."

मी उंदीर काढले. मागण्या ठेवल्या. त्या पत्रकातला एक शब्दही मी आज मागे घेणार नाही.

वांगणीहून मुंबई म्हणजे पहाटे जीप, जव्हारला एस.टी., ठाण्याला उतरून पुन्हा बस. वाटेतला जीपवाला दर खेपेला तिची चेष्टा करायचा.

"धवलेरीबाय, मुंबईला लगीन लावायला चालल्या का?"

"व्हय. डॉक्टरचं."

"नवरी कोन?"

"तुझी सासू मोकली हाय ना?"

सगळी जीप हसायची, टपावरचेसुद्धा, ज्यांना ऐकू आलं नसेल तेही.

इस्पितळात आधी डोळ्यात थेंब टाकत. मग तोंडावर निळं फडकं, त्याला एका डोळ्यापुरतं भोक. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा. एक सुई, थोडं थांबून दुसरी. ती बाहेर यायची तेव्हा डोळ्यावर पट्टी, आणि दुसरा डोळा तर नव्हताच, त्यामुळे तेवढ्या वेळापुरती ती पूर्ण आंधळी असायची. माझा दंड धरून जिना उतरायची. एकदा म्हणाली, "पान्यात नागली टाकली की कशी दाना दाना खाली जाते, तसं दिसतंय आत." त्या काळ्या दाण्यांच्या पलीकडे काय दिसतं, हे मी विचारलं नाही, कारण ते विचारायला तिथे एक अख्खी खोली होती.

त्या खोलीत भिंतीवर तक्ता होता. अक्षर न येणाऱ्यांसाठी असतो तो. तीन दाते असलेली एकच खूण, वरच्या ओळीत मोठी, खाली लहान लहान होत गेलेली. कधी दाते वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. चंदरीबाय तिला फणी म्हणायची, आणि तिचं ऐकून डॉक्टरीणबाईही विचारू लागल्या, "बाय, फणीचे दात कुणीकडे?" चंदरीबाय हाताने दाखवायची. वर. उजवीकडे. खाली. पहिल्या दिवशी तिने जितक्या ओळी सांगितल्या, तितक्याच ती दर खेपेला सांगत होती. कागदावर लिहिलं जात होतं, दृष्टी स्थिर.

एकदा डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आतलं छायाचित्र मला दाखवलं आणि कपाळाला आठी घातली. "आत पाणी वाढल्यासारखं वाटतंय. पण नजर तर तशीच आहे. नजर टिकतेय तोवर सर म्हणतात सुया चालू ठेवू, शस्त्रक्रियेची घाई नको." मला बरं वाटलं. नजर तशीच आहे, हे मी वांगणीत जाऊन चार घरी सांगितलं.

फाल्गुन सरला. मोह टपकू लागला. पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली, आणि दिवस वर आला की राब. लहानूचं शेत तिच्या झोपडीच्या खालच्या अंगाला. राब वाऱ्याच्या विरुद्ध पेटवायचा असतो, म्हणजे जाळ धावत सुटत नाही, हळूहळू मागे सरकत माती भाजत जातो. पण त्या वर्षी लहानूला दोन वारे सांभाळायचे होते. जाळ हळू सरकला पाहिजे आणि धूर बहिणीच्या दाराकडे जायला नको. तो सकाळी मूठभर माती उधळून बघायचा, शिव्या द्यायचा आणि परत जायचा. शेजारपाजारचे राब काळे होऊन गेले, लहानूचा पाला तसाच रचलेला. कुणीतरी म्हणालं, "काय रे, पाऊस आल्यावर पेटवतो का?" तो म्हणाला, "बायचा डोला संबालतो. तुला काय कलतंय."

हेच लग्नांचे दिवस. शेजारच्या पाड्यावर लग्न होतं आणि चंदरीबायला बोलावणं होतं. डॉक्टरांनी धूर नको सांगितला होता, गाणं नको सांगितलं नव्हतं. मीही गेले. दुपारची वेळ, मांडवावर जांभळीचे डहाळे, खाली चटईवर नवरा-नवरी अवघडून बसलेले. चंदरीबाय गात होती. गाता गाताच धवलेरी दिवा लावते. तिने काडी ओढली आणि वातीच्या बाजूला, वीतभर लांब, रिकाम्या हवेला धरली. गाणं थांबलं नाही. तिची मुलगी कमळी शेजारीच बसली होती. तिने न बघितल्यासारखं करून दिवा सरकवला आणि वात काडीखाली आणली. दिवा लागला. बायांनी ओळ उचलली.

कमळीचा हात सरावाचा होता. पहिल्यांदा दिवा सरकवणाऱ्याचा हात असा जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती. मी समोर उभी राहिले आणि काही बोलले नाही. तिने मान वर केली, थोडं थांबली, मग म्हणाली, "कोन हाय? बोल तरी."

मी म्हटलं, "इस्पितळात तू फणीचे दात सांगते, ते कसे?"

तिला हसू आलं. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरत, लग्नातली ओळ म्हणावी तशी ती म्हणू लागली, "वर गं, उजवी गं, खाली गं, खाली... डावी गं, वर गं, डावी गं, उजवी..." अख्खा तक्ता. पहिल्या खेपेला, दिसत होतं तेव्हा, तिने तो बघितला होता. तिच्यासारखीला तेवढं पुरतं. तक्ता मात्र दर खेपेला तोच.

राग कुणाचा करायचा तेच मला कळेना, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. इतक्या मोठ्या इस्पितळात परदेशी औषधं होती, आतली चित्रं काढणारी यंत्रं होती आणि भिंतीवर तक्ता एकच. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या सगळं पाठ करून ठेवतात, त्यांची नजर मोजायला तोच एक तक्ता.

"का पण?" मी विचारलं. "चाचणीतून काढून टाकतील म्हणून?"

"काढतील कशाला. बरी मानसं हायत." ती म्हणाली. "औषध देनाऱ्याला तोंडावर 'गुन नाय' म्हनतात का? तू जव्हारची, तुला कोनी शिकवलं नाय? नाय म्हटला की त्याचा हात मरतो. मंग त्याच्या हातानं दुसऱ्यालाबी गुन येत नाय. भगत इचारतो, उतार? आपन म्हनायचं, उतार. त्या पोरीचा हात कशाला मारू मी? तिच्याकडं किती लोक येतात."

हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. आमच्याही घरी, नोकरदार झालेल्या घरी, वैद्याला तोंडावर 'फरक नाही' कुणी म्हणत नसे. फक्त त्यामागे दुसऱ्या रोग्याची काळजी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती स्वतःसाठी खोटं बोलत नव्हती. बाकीच्यांना गुण यावा म्हणून बोलत होती आणि त्यात तिचा डोळा जात होता.

मी तिच्याजवळ बसले. सांगायला लागले, आणि पत्रकातली वाक्यं कामाची नव्हती. म्हटलं, "चंदरीबाय, तिथलं उलटं आहे. भगताला गुण येणार हे माहीत असतं, म्हणून तो देतो. यांना माहीतच नाही. ते बघतायत. तू हो म्हणालीस, तर ते लिहितात, या दोन सुयांनी नजर टिकते. मग तुझ्यासारखा दुसरा कुणी येईल, त्यालाही त्याच दोन सुया देतील. त्याचा डोळा तुझ्या 'हो'वर जाईल."

"किती हायत असे?"

"थोडेच. हा रोगच थोड्यांना होतो."

खाली लहानू माती उधळत होता.

"थोडे हायत, म्हंजी एकाचा 'हो' लय होतो," ती म्हणाली.

"हो."

"शंभर असते तर एकाचा चालला असता."

"तेव्हाही चालला नसता. पण आता तर अजिबात नाही."

"आनि माझा डोला?"

मी म्हटलं, "जेवढा उरलाय तेवढा वाचवायला त्यांना कळलं तर पाहिजे की तो चाललाय." गोड करून सांगायला मला येत नाही.

तिने कमळीला हाक मारली आणि मुंबईला जायचं लुगडं काढायला सांगितलं. पुढच्या खेपेची वाट बघायला ती तयार नव्हती.

इस्पितळात आमचा वार नव्हता, म्हणून आधी दारावरच अडवलं. मी आवाज चढवला, तेवढं मला येतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नेहमीच्या खोलीत नेलं, नेहमीच्या स्टुलावर बसवलं. "काय बाय, आज अचानक? बरं, फणीचे दात कुणीकडे?"

चंदरीबायचे हात मांडीवर होते. ते तिने उचलले नाहीत.

"तो तक्ता माला पाठ हाय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. हे तिचं तिने सांगायचं होतं. मग त्यांनी टेबलावरून एक जाड पुठ्ठा घेतला, त्यावर एकच मोठी फणी होती. पाठीमागे नेऊन फिरवला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन समोर धरला.

"आता?"

"नाय दिसत."

त्या पुढे आल्या. पुन्हा फिरवला. "आता?"

"नाय."

आणखी पुढे. "आता, बाय?"

"तू हायस ते दिसतंय. हातात काय ते नाय."

चंदरीबाय हे असं सांगत होती, की जणू प्रत्येक वेळी समोरच्या पोरीच्या हातावर कोयता मारतेय. डॉक्टरीणबाई एकेक पाऊल येत राहिल्या, पुठ्ठा फिरवत राहिल्या, विचारत राहिल्या, आणि चंदरीबाय नाय म्हणत राहिली. शेवटी पुठ्ठा तिच्या नाकासमोर आला. तेव्हा तिने मान जराशी वळवली आणि म्हणाली, "दात खाली."

ते बरोबर होतं.

डॉक्टरीणबाई खालीच बसल्या, फरशीवर. रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "म्हणजे चित्र खरं बोलत होतं." मग विचारलं, "कधीपासून, बाय?" चंदरीबायने होळी सांगितली. होळीचा जाळ दिसला होता, भोवती नाचणारी माणसंही दिसली होती, त्यांची तोंडं दिसली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ते तसंच लिहून घेतलं. उठताना चंदरीबायने त्यांचा हात चाचपडत धरला, उलटासुलटा करून दाबून बघितला, आणि सोडला. त्याचा अर्थ त्यांना कळला नसावा. मीही सांगितला नाही.

सुया थांबल्या. दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली. आतलं पाणी काढलं, सुटलेला पडदा जागी बसवला, कडेला दुसरी एक लहान गाठ निघाली ती गोठवली. मधली नजर परत आली नाही. डॉक्टरांनी ती आधीच गेलेली असल्याचं सांगितलं. कडेची राहिली. आणखी उशीर झाला असता तर तीही राहिली नसती.

माझ्या पत्रकातल्या मागण्यांपैकी एक मान्य झाली. घरातल्यांचे डोळे तपासले. लहानूच्या डोळ्यात काही नव्हतं. कमळीच्या डाव्या डोळ्यात, अगदी कडेला, राईएवढा ठिपका सापडला. तो किरणांनी भाजून टाकला. तिला काही कळलंही नव्हतं तोवर काम झालेलं होतं. आता दर वर्षी दाखवायला न्यायचं. आणि डोळ्यापुरतं नाही, डोकं आणि पोटही तपासायचं, कारण या रोगाच्या गाठी तिथेही होतात. आजीचं डोकं कशाने दुखत होतं, ते घरात पहिल्यांदा कळलं, आजी जाऊन किती वर्षं झाल्यावर.

बाकीच्या मागण्या जिथल्या तिथे आहेत. जव्हारला आजही पडद्याचा डॉक्टर नाही. वांगणीचा रस्ता पहिल्या पावसात जातो तो दिवाळीपर्यंत येत नाही. जिल्ह्याच्या कचेरीत निवेदन दिलं, तर साहेब म्हणाले, "एका कुटुंबासाठी यंत्रणा कशी उभी करणार?" मी म्हटलं, एका कुटुंबासाठीच उभी करायची असते, कुटुंबं एकेकच असतात. साहेबांनी पुढच्याला बोलावलं.

चाचणी नंतर संपली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की इतरांच्या बाबतीतही दोन सुयांनी गाठ आकसली नाही. काहींची नजर टिकली, पण ती सुयांमुळे असं म्हणता येत नाही. तेव्हा या रोगासाठी या दोन सुया एकत्र द्यायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं. मी वांगणीला जाऊन हे चंदरीबायला सांगितलं.

"माझा 'नाय' त्यात धरला का?"

"धरला."

"आनि त्या पोरीचा हात?"

"चांगला आहे. कमळीचा ठिपका तिनेच भाजला ना."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि नागली पाखडू लागली.

मला हे बरं झालं असं म्हणता येत नाही. जी बाई वर्षानुवर्षं कुणालाच दिसली नाही, तिने आपली नजर देऊन दाखवून दिलं की एक औषध चालत नाही, आणि यावर आपण टाळ्या वाजवायच्या, हे मला जमत नाही. पण ती माझ्याकडून टाळ्याही मागत नाही आणि कळवळाही. लग्नं लावते. मागच्या आठवड्यात खोडाळ्याच्या बाजूला एका पाड्यावर होती, मीही गेले होते. गाणी सुरू व्हायच्या आधी तिने नवरीला जवळ बोलावलं. पोरगी येऊन पुढ्यात बसली. चंदरीबायने तिची हनुवटी धरली आणि स्वतःचं तोंड एकदम दुसरीकडे वळवलं, पार खांद्यापर्यंत. मांडवात कुजबूज झाली. नवरीच्या आईचा चेहरा उतरला, आपल्या हातून मानपान राहिलं की काय म्हणून ती पुढे धावली. एक म्हातारी म्हणाली, "धवलेरी रुसली बघा."

चंदरीबायने तोंड तसंच बाजूला ठेवलं. हनुवटीवरचा हात काढला नाही. डोळ्याची अगदी कड नवरीकडे ठेवून, मान न हलवता, ती तशीच राहिली.

"रुसले नाय," ती म्हणाली. "हिला बघते. नाकात मोरनी हाय तुझ्या. छान हाय."